अख्खं गाव हिरवं

डॅशबोर्डवर अख्खं गाव हिरवं दिसत होतं आणि मुळे सर ऑफिसात पेढे वाटत होते.

"घे क्रांती," ते म्हणाले. "हंड्रेड पर्सेंट कंट्रोल. बीपीचा एकही पेशंट रेडमध्ये नाही. कुणाला जमलंय असं?"

मी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. स्क्रीनकडेच बघत राहिले.

डॅशबोर्ड म्हणजे ज्या पडद्यावर सगळ्या पेशंटची नावं आणि आकडे एकत्र दिसतात तो. बीपी ठीक असेल तर नाव हिरवं, वाढलेला असेल तर नारिंगी, धोक्याचा असेल तर लाल. बीपीचे दोन आकडे असतात. हृदय दाबलं जातं तेव्हाचा वरचा, ते सैल होतं तेव्हाचा खालचा. एकशेवीस-ऐंशीच्या आसपास असेल तर माणसानं निवांत राहावं.

आमची संस्था खेड्यांत 'आरोग्यकट्टा' चालवते, मुळे सर तिचे प्रमुख. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत एक टॅब आणि एक बीपीचं मशीन. पट्टा दंडाला बांधायचा, बटन दाबायचं. आकडा आपोआप टॅबमध्ये जातो आणि तिथून शहरात आमच्या डॉक्टर जोशी मॅडमकडे. त्या व्हिडिओवर पेशंटशी बोलतात, गोळी लिहून देतात, गोळी उपकेंद्रात मिळते. माणसाला बीपी दाखवायला तालुक्याला, कन्नडपर्यंत जीपला लोंबकळत जावं लागत नाही. मला हे काम मनापासून आवडतं. सरकारी दवाखाना खेड्यात नीट चालत नसेल तर त्यासाठी भांडलंच पाहिजे, पण भांडण चालू असताना माणसाचा बीपी थांबून राहत नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आई-वडील चळवळीतले. बाकीची मुलं पतंग चिकटवायची तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचे. आमच्याकडे एक नियम होता. पत्रकात आकडा चुकला की सगळा गठ्ठा रद्दीत आणि पुन्हा छपाई. त्यामुळे चुकीचा आकडा दिसला की मला अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आणि त्या दिवशी स्क्रीनभर पाली होत्या.

"सर," मी म्हटलं, "सत्तरी ओलांडलेले, दिवसभर तंबाखू चघळणारे गणपतआबा. बीपी एकशेसोळा-चौऱ्याहत्तर. कौसाबाई, गेल्या महिन्यात लाल होत्या. आता एकशेअठरा-शहात्तर. बांधावरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ. दोघांचाही एकशेपंधराच्या आसपास. हे कसं?"

"गावची शुद्ध हवा."

"गेल्या महिन्यात तीच हवा होती आणि निम्मं गाव लाल होतं."

"मग आपलं काम इम्प्रूव्ह झालं म्हण की! तुला चांगलं काही बघवत नाही का गं?"

"आणि सर, जोशी मॅडमनी हे आकडे बघून कौसाबाईंची गोळी अर्धी केलीय."

"चांगलंच आहे. औषध कमी लागतंय."

मी पेढा खोक्यात परत ठेवला आणि सांगितलं, मी उद्या फील्डवर जाते.

कन्नडपर्यंत एसटी, तिथून पिशोरपर्यंत जीप, पिशोरच्या पुढं मागच्या सीटवर एक शेळी आणि मी. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढं कळेल.

वाटेत मी डोक्यात भाषण तयार केलं. माझा संशय कट्टा चालवणाऱ्या मंदाताईवर होता. मशीनमध्ये आकडा हातानं टाकता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण जिथं खोटं बोलायचं असतं तिथं माणूस वाट काढतोच. भाषणाची सुरुवात 'आकड्यांची अफरातफर म्हणजे जनतेच्या आरोग्यावर दरोडा' अशी होती. जीप खड्ड्यात गेली की त्यात एखादा शब्द वाढत होता.

मी न सांगता गेले. कट्ट्यावर रांग होती. मी दाराच्या कडेला उभी राहिले.

कौसाबाईंचा नंबर आला. साठीच्या, काटक, डोक्यावर पदर. मंदाताईनं टॅब समोर धरला. टॅब आधी चेहऱ्याचा फोटो घेतो, म्हणजे माणूस तोच आहे ना याची खात्री होते. कौसाबाईंनी डोळे मोठे करून फोटो दिला. टॅबनं ओळख पटवली. मग कौसाबाई उठल्या आणि बाजूला झाल्या.

आणि खिडकीतून एक हात आत आला.

गोरा, भरलेला, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बांगड्या सरकू नयेत म्हणून वर रबर लावलेला. हातानं सवयीनं टेबलावर जागा घेतली, तळवा वर केला. मंदाताईनं दंडाला पट्टा बांधला, बटन दाबलं. मशीननं गुरगुर केली. एकशेअठरा-शहात्तर. कौसाबाई हिरव्या झाल्या.

"पुढचा," मंदाताई म्हणाली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

मंदाताईनं मला बघितलं आणि ती उभी राहिली. "या मॅडम. बसा. च्या घेता?"

"हे काय चाललंय?"

"बीपी चाललाय."

"कुणाचा?"

"कौसाबाईचा."

"आणि हात कुणाचा?"

मंदाताई भिंतीकडे बघायला लागली. खिडकीतून आवाज आला, "मेरा है. क्यूं, क्या हुआ?"

मी बाहेर जाऊन बघितलं. कट्ट्याच्या भिंतीला लागून बांगड्या-कटलरीचं दुकान. दुकानात शमीमखाला बसलेल्या. डावा हात खिडकीतून आमच्या खोलीत आणि उजव्या हातानं त्या एका नव्या नवरीला बांगड्या चढवत होत्या.

"खाला, हे तुम्ही रोज करता?"

"रोज कहां? कट्टा उघडा असतो तेव्हाच. मेरा बीपी हमेशा अच्छा येतो ना, तर मंदा बोली, खाला, जरा हात देव. मैं बोली लेव. हातच तर आहे, झिजतो थोडाच?"

मी परत आत आले आणि भाषण सुरू केलं. दरोड्यापासून. लोकांनी फार आदरानं ऐकलं. एका बाईनं तर डोक्यावरचा पदर नीट केला. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा गणपतआबा म्हणाले, "मॅडम, संपलं का? बरं बोललात. पन आमचं ऐका जरा."

"बोला आबा."

"म्या मेलो हुतो."

कुणी हसलं नाही. मीही नाही.

"खरंच," मंदाताई म्हणाली. "आबांचा लाल आला आन मेसेज गेला."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सिस्टिममध्ये 'फॅमिली अलर्ट' नावाची एक सोय होती आणि मुळे सरांचा तिच्यावर लेकरासारखा जीव. नाव नोंदवताना घरच्या तीन माणसांचे नंबर द्यायचे. बीपी लाल आला की डॉक्टरांबरोबर त्या तिघांनाही आपोआप मेसेज जायचा. मेसेज असा : 'आपल्या कुटुंबातील सदस्याची प्रकृती धोक्याच्या पातळीवर आहे. कृपया त्वरित लक्ष द्यावे.' खाली आमचा लोगो, त्यात एक हसरं कुटुंब.

आबांच्या मोठ्या मुलाला तो मेसेज वाळूजच्या कंपनीत मिळाला. त्यानं तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेलं चिन्ह लावलं. एका पुतण्यानं ते चिन्ह बघितलं, मेसेज काही उघडला नाही, आणि आबांचा लग्नातला फोटो शोधून त्याभोवती फुलांची महिरप लावली. खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग बाकीच्यांनीही लिहिलं.

"म्या पारावर बसलेलो," आबा म्हणाले. "एक पोरगं आलं आन म्हणलं, आबा, तुमचा फोटू लई भारी आलाय. बघतो तर माझ्याच फोटूला हार. जावयानं तर जीप करून मयताचं सामान आणलं. मला जिता बघून त्याचं तोंड पडलं वो, मॅडम. गाडीभाडं वाया गेलं म्हून."

आता कौसाबाईंनी पदर खोचला. "आबाला हार तरी आला. माझ्याकडं पाव्हणे आले."

"किती?"

"मोजायला येळ कुणाला? सकाळी लाल झाले, दुपारपासून जीपा लागल्या. सिल्लोडची लेक रडत आली. तिची सासू आली. सासूची बहीण आली, तिला म्या जन्मात बघितली नव्हती. परत्येकाच्या हातात केळं आन बिस्कुटाचा पुडा. च्या घेणार का, तर घेणार. दोन घास खाणार का, तर तुमच्यासाठी खातो, म्हणं. सून कांदा काढायला गेलेली. म्या एकली चुलीपुढं, आन मला बघायला आलेले ओट्यावर. म्हणत्यात, 'वहिनी, आराम करा बरं.' आन परत, 'वहिनी, भाकरी लई नरम झाली.' "

रांगेत हसू फुटलं. कौसाबाई मात्र हसल्या नाहीत.

"एकीनं तर हळूच इचारलं, बोरमाळ कुणाच्या नावानं केली? धोक्याची पातळी म्हणं! धोका त्यो जेवून गेला की."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जावंच लागतं. गेलं नाही तर ते घराण्यात पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतं, आणि तुमच्या आजारपणात त्याची परतफेड होते. हे प्रेमच आहे. पण ते सगळं एकाच दिवशी आणि जेवणाच्या वेळेला येतं. पूर्वी बातमी पायी जायची, तोवर माणूस बरा तरी व्हायचा किंवा निकालात तरी निघायचा. आमच्या सॉफ्टवेअरनं ती बातमी सेकंदात पोचवली.

गावानं मग आपला मार्ग काढला. लाल व्हायचंच नाही.

"मग मशीनवर यायचंच कशाला?" मी विचारलं.

"न्हाई आलं तरी मेसेज जातो की," मंदाताई म्हणाली. " 'आपले सदस्य तपासणीस गैरहजर.' "

हेही मुळे सरांचंच.

उरलेलं भाषण मी सोडून दिलं. पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गोळ्या खऱ्या होत्या आणि हात खोटा होता. मी मशीनचं टॅबशी असलेलं कनेक्शन तोडलं आणि कौसाबाईंना म्हटलं, "आता तुमचा हात द्या. मेसेज जाणार नाही. माझी जबाबदारी."

"आयशपत?"

"आयशपत."

त्यांचा हात बारीक होता, पट्टा एक वेढा जास्त बसला. मशीन गुरगुरलं, थांबलं. एकशेअठ्ठ्याऐंशी-एकशेबारा.

मी पुन्हा घेतला. तेवढाच.

"हिरवं हाय का?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाही बाई. लई लाल आहे. असंच राहिलं तर एखाद्या दिवशी तोंड वाकडं होईल, हातपाय जातील."

त्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला. मग म्हणाल्या, "डोकं धरतंय खरं सकाळी. मला वाटलं कांद्याच्या वासानं." आणि मग सरळ माझ्या डोळ्यात बघून, "गोळी वाढवून दे पोरी. सांगावा धाडू नको."

मी तिथूनच जोशी मॅडमना फोन लावला. त्यांचा आवाज एकदम बदलला. "पूर्ण गोळी आजच सुरू करा. दुसरीही लागेल, पण ती मी आकडे बघितल्याशिवाय देणार नाही. रोजचं रीडिंग सिस्टिमवर पाहिजे. खऱ्या हाताचं! क्रांती, मी कुणाला औषध देत होते इतके दिवस?"

"शमीमखालांना, मॅडम."

"त्यांना गोळी नकोय."

"तेच."

म्हणजे अडचण अशी होती. सिस्टिमवर खरा हात ठेवला की पाहुणे, नाही ठेवला की औषध नाही. कौसाबाईंनी स्वच्छ सांगितलं, कांदा निघेपर्यंत पाहुणे नकोत, त्यापेक्षा तोंड वाकडं झालं तरी चालेल. अलर्ट बंद करणं हा एकच उपाय होता. आणि त्याचं बटन मुळे सरांकडे होतं.

"वेडी आहेस का तू?" दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. "फॅमिली अलर्ट हा आपला यूएसपी आहे." यूएसपी म्हणजे आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही असं काहीतरी. "शुक्रवारी राजहंस साहेब व्हिजिटला येतायत. पुढच्या वर्षीचं फंडिंग त्यांच्या सहीवर आहे. त्यांना आवडलेली एकच गोष्ट म्हणजे हा अलर्ट. तो बंद केला तर दाखवायचं काय?"

"खरं दाखवायचं."

"खरं स्लाइडवर बसत नाही."

"सर, त्या बाईंचा बीपी एकशेअठ्ठ्याऐंशी आहे."

"शुक्रवारपर्यंत थांब. मग बघू."

"बीपीला सांगू का शुक्रवारपर्यंत थांब म्हणून?"

"क्रांती, आत्ता नको," मुळे सर म्हणाले आणि त्यांनी एसी वाढवला.

शुक्रवारपर्यंत मी रोज मंदाताईला फोन करत होते. कौसाबाई गोळी घेतात का? घेतात. डोकं धरतं का? धरतं. खरा आकडा बघायची सोय नव्हती, कारण मंदाताई कनेक्शन तोडायला घाबरत होती. खालांचा हात खिडकीतून येत होता आणि गाव हिरवं राहत होतं.

शुक्रवारी राजहंस साहेब आले. आम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीचा समाजकार्याचा विभाग त्यांच्याकडे. पन्नाशीचे, कडक इस्त्री, मनगटावर झोपही मोजणारं घड्याळ. शाल झाली, नारळ झाला. कट्ट्याच्या खोलीत आम्ही सगळे दाटीनं बसलो. दारात गणपतआबा, कौसाबाई आणि निम्मं गाव. मुळे सरांनी भिंतीवर हिरवा डॅशबोर्ड दाखवला.

"रिमार्केबल," राजहंस साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. मुळे सरांनी माझ्या ओढणीचं टोक धरून खाली ओढलं. मी तशीच उभी राहिले.

"साहेब, हे सगळे आकडे एकाच बाईंचे आहेत."

मग मी सगळं सांगितलं. खिडकी, हात, पाहुणे, श्रद्धांजली, अर्धी गोळी. राजहंस साहेबांचा पारा चढत गेला.

"म्हणजे डेटा फेक आहे?"

"हात खरा आहे साहेब," दारातून मंदाताई म्हणाली. "फक्त त्यांचा न्हाई."

"हा फ्रॉड आहे! लोकांच्या भल्यासाठी आम्ही पैसा देतो आणि लोक मशीनला फसवतात? दोन नातेवाईक भेटायला आले तर एवढं काय बिघडतं? मुळे, असं असेल तर हा कट्टा मला बंद करावा लागेल."

मी कौसाबाईंकडे बघितलं. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं. कट्टा बंद म्हणजे जोशी मॅडम बंद, गोळी बंद, पुन्हा कन्नडची जीप. मी बोलले नसते तर बाई हिरवी राहून पडली असती. मी बोलले तर कट्टाच उठत होता. माझ्या घरच्या पत्रकांमध्ये अशा वेळी काय करायचं ते कधी छापलेलं नव्हतं.

मुळे सरांना घाम फुटला होता. वेळ मारून न्यायला ते म्हणाले, "सर, निदान एक लाइव्ह डेमो तर बघा. सिस्टिम एकदम परफेक्ट आहे. तुमचंच घेऊ ना रीडिंग."

राजहंस साहेबांनी रागारागात बाही वर केली. मंदाताईनं फोटो घेतला. "घरच्या तिघांचे नंबर सांगा साहेब. त्याबिगर पुढं जात न्हाई." त्यांनी सांगितले. बायको, भाऊ, मेहुणा.

पट्टा फुगला. मशीन गुरगुरलं. एकशेसत्तर-एकशेचार.

भिंतीवरच्या हिरव्या डॅशबोर्डवर एकच नाव लालभडक झालं.

"रागावलायत ना, म्हणून," मी म्हटलं. "थोडा वेळ शांत बसून परत घेऊ."

"अलर्ट गेलासुद्धा!" मुळे सर आनंदानं म्हणाले. "बघितलंत सर? दोन सेकंदात." मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो, आणि ते बसले.

साहेबांचा फोन वाजला. बायकोचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अहो, कुठं आहात? शुद्धीवर आहात ना?"

"मी ठीक आहे गं. डेमो चाललाय."

"खोटं बोलू नका! मागं तुमच्या वडिलांनीही असंच सांगितलं होतं. कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेलंय? आईनं देव पाण्यात ठेवलेत!"

तो ठेवला तर दुसरा. भाऊ. तिसरा. मेहुणा. मेहुण्याचं शहरात, गुलमंडीत कापडाचं दुकान. "दाजी, काळजी करू नका, दुकान बंद केलं, गाडी काढलीय. बन्सीकाकापण बरोबर आहेत. कन्नडच्या पुढं कुठं वळायचं तेवढं सांगा."

"अरे येऊ नकोस! मला काही झालेलं नाही!"

"बोलू नका तुम्ही. दम लागतो. फोन जवळ जे कुणी असेल त्याला द्या."

साहेबांनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, ते ठणठणीत आहेत. मेहुणा म्हणाला, "मॅडम, आम्हाला खरं सांगा. आम्ही खंबीर आहोत."

त्यानंतर ग्रुपचे मेसेज सुरू झाले. साहेबांनी एकदा फोनकडे बघितलं आणि तो उलटा ठेवला. कपाळ पुसलं. मग मुळे सरांच्या कानाशी वाकले. पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"परत घेता येईल का? ग्रीन आलं तर तसाही मेसेज जातो ना?"

"जातो सर. 'प्रकृती स्थिर' असा."

साहेबांनी घसा साफ केला. "त्या... त्या बाई कुठं आहेत?"

खिडकीतून आवाज आला, "आऊं क्या?" आणि बांगड्यांचा हात आत आला.

अख्खी खोली फुटली. गणपतआबांना ठसका लागला. कौसाबाई पहिल्यांदा हसल्या, पदर तोंडात धरून, खांदे हलवत. सगळ्यात शेवटी राजहंस साहेबही हसले, जरा रडवेले होऊन. मी तेवढ्यात पट्टा उचलून मांडीवर ठेवला. "नाही साहेब. हात तुमचाच."

"बाई, तुम्ही फार कडक आहात."

"कौसाबाईंनाही मी हेच सांगितलंय."

मेहुणा, बन्सीकाका आणि आणखी दोघं येऊन पोचले तेव्हा साहेब पारावर बसून लिंबूपाणी पीत होते. पाहुण्यांनी केळी आणली होती. बन्सीकाकांनी आल्या आल्या विचारलं, "मुलांना कळवलं का?" साहेब त्यांना समजावून समजावून थकले. कौसाबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता ह्यांचा च्या कोण करनार?" आणि आत जाऊन त्यांनीच केला.

निघताना राजहंस साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "मुळे, तो अलर्ट आजच्या आज बंद."

"पण सर, यूएसपी..."

"मुळे!"

अलर्ट पूर्ण बंद मात्र केला नाही, ते मीच म्हटलं. एखाद्याला पोराला कळवायचं असेल तर कळवता आलं पाहिजे. आता नाव नोंदवताना टॅब विचारतो, 'लाल आल्यास कुणाला कळवायचे?' काहीच निवडलं नाही तर फक्त डॉक्टरांना कळतं. गैरहजेरीचा मेसेज काढून टाकला. गणपतआबांनी कुणालाच नको म्हणून सांगितलं, 'पुतण्याला तर मुळीच नको' हेही लिहून घ्या म्हणाले. टॅबमध्ये तशी जागा नव्हती. कौसाबाईंनी एकच नाव दिलं, शेजारच्या शमीमखालांचं. "ती बघायला येती," त्या म्हणाल्या, "पन घरून जेवून येती."

त्याच आठवड्यात कौसाबाईंनी स्वतःचा हात ठेवला. लाल. जोशी मॅडमनी दुसरी गोळी लिहिली. पुढंही लाल, मग बरेच दिवस नारिंगी. कांदा निघाला, विकला, तोवर नाव हिरवं व्हायला लागलं होतं. बाकी गावाचं मात्र खरं रूप बाहेर आलं. डॅशबोर्ड मिरचीच्या वाळवणासारखा दिसायला लागला. गावाचं नाव सांगितलं तर पुन्हा जीपा लागतील, म्हणून सांगितलं नाही. मुळे सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. फंडिंग मिळालं. राजहंस साहेबांनाही आता गोळी चालू आहे. जोशी मॅडमकडेच. घरी ठाऊक नाही.

तेव्हापासून नव्या गावात मशीन न्यायचं असेल तर मी आधी जाऊन बायकांना विचारते, तुम्ही आजारी पडलात तर किती माणसांचा स्वयंपाक करावा लागतो? उत्तर मिळालं की मग सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करते. ते म्हणतात, ही माहिती टाकायला सिस्टिममध्ये कॉलम नाही. मी म्हणते, करा.